उतारावरच्या चार माना

माझ्या आईला त्यांनी पहिले सहा महिने ओळखलंच नाही, कारण आई त्यांच्यासमोर तोंड करून उभी राहायची. सभ्य माणसं तोंड करूनच उभी राहतात, त्यात आईचं काय चुकलं? पण ते आपले चष्म्यावरून परक्यासारखे बघत राहायचे आणि मग अगदी अजिजीने म्हणायचे, "जरा पाठ करता का?" आई फणकाऱ्याने वळली की त्यांचा चेहरा उजळायचा. "अरे, तुम्ही होय! या, या. डावा खांदा काय म्हणतोय?" आईच्या डाव्या खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. निदान तोपर्यंत तरी तिचा तसा समज होता.

माणूस मागून ओळखायचा असतो, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की भाईंदर पूर्वेच्या बाजारातून चालताना ते पुढून येणाऱ्यांकडे बघायचेच नाहीत. पुढे चाललेल्यांच्या माना बघत चालायचे. एकदा त्यांनी एका हवालदाराला मागून हाक मारली, "अहो, हनुवटी आत!" हवालदाराने खरोखरच हनुवटी आत घेतली. मग कोण बोललं ते बघायला तो गर्रकन वळला, तोवर हे महाशय हातगाडीवर वाकून कोथिंबीर निवडत होते. मी शेजारीच होते. हसू दाबता दाबता माझ्या पोटात कळ आली, कारण माझ्या पोटाभोवती त्यांनीच बनवलेलं प्लॅस्टिकचं कवच होतं आणि त्यात हसायला फारशी जागा नव्हती.

ते ब्रेस बनवायचे. वाढीच्या वयात काही मुलामुलींचा पाठीचा कणा एका बाजूला वळायला लागतो, त्यांच्यासाठी काखेपासून कमरेपर्यंतचा, पट्ट्यांनी आवळायचा ब्रेस. बाहेर पाटी होती, ‘कृत्रिम अवयव व पट्टे’. डॉक्टर म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "डॉक्टर केबिनमध्ये बसतो, मी गाळ्यात बसतो," म्हणायचे. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो. ते मूळचे रत्नागिरीकडचे, मुलींना ‘बाय’ आणि मुलांना ‘बाबू’ म्हणायचे, त्यामुळे कोणाचं नाव लक्षात ठेवायची भानगडच त्यांनी ठेवली नव्हती.

आणि त्यांची स्वतःची मान उजव्या खांद्याकडे झुकलेली होती. थोडीथोडकी नाही, चांगली झुकलेली. डावा खांदा वर, उजवा खाली, आणि सगळा माणूस कायम कोणाचं तरी गुपित ऐकत असल्यासारखा. माना सरळ करणाऱ्या माणसाची मान अशी कशी, हा प्रश्न गाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर यायचा आणि तिथेच थांबायचा. फक्त जिगरने तो विचारला. जिगर म्हणजे ब्रेससाठी येणाऱ्या आम्हा चौघा मुलांतला सगळ्यात उंच, शाळेच्या बास्केटबॉल टीममधला, आणि तोंडाला लगाम नसलेला. "अंकल, आप का खुद का ऐसा क्यों है?" काका म्हणाले, "ये सँपल पीस है, बाबू. ऐसा नहीं होना चाहिए, ये दिखाने को रखा है." आणि पुन्हा पट्टीला बक्कल लावायला लागले.

मला पकडलं ते शिंप्याने. मामेबहिणीच्या लग्नासाठी घागऱ्याचं माप द्यायला गेले होते. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतला आमचा टेलर टेप गळ्यात टाकून आईला म्हणाला, "भाभी, बेबी का एक कंधा ऊपर है. मैंने दो बार नापा." आई म्हणाली, "वो ठीक से खडी ही नहीं रहती." मी ठीकच उभी होते. मग मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर माझा कणा दिसला. इतका ऐटीत वळलेला होता की क्षणभर मला त्याचं कौतुकच वाटलं. डॉक्टर म्हणाले, "अडतीस डिग्री आहे. हिची उंची अजून वाढायची आहे. पंचेचाळीसच्या पुढे गेलं तर ऑपरेशन करून मणक्यांना रॉड घालावे लागतील. तोवर ब्रेस, दिवसातले वीस तास. जूनमध्ये पुन्हा एक्स-रे काढू आणि तेव्हा ठरवू."

तेव्हा नोव्हेंबर चालू होता आणि मी आठवीत होते. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘जून’ हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नाही. शाळा कधी सुरू होणार असं विचारलं तरी आई म्हणायची, "मे नंतर." बाबा विमा कंपनीत होते, त्यांना धोक्याचा हिशेब करायची सवय. ते रोज जेवण झाल्यावर मोबाइलवर रॉडची चित्रं बघायचे आणि मी आले की मोबाइल पालथा ठेवायचे. मी स्वतः पडद्याचा रॉड डोळ्यासमोर आणायचे, दोन्ही टोकांना पितळी गोळे असलेला, आणि मला भीती वाटायची. खूप वाटायची. चौदाव्या वर्षी भीती आणि हसू एकाच खिशात असतात, म्हणून मी ते सगळं मैत्रिणींना सांगून त्यांना हसवायचे.

काकांचा गाळा एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होता. शेजारी स्टीलच्या चमच्यांना पॉलिश करायचा कारखाना. दिवसभर घर्रर्र. महत्त्वाचं माप घ्यायचं असलं की काका भिंतीवर हातोडी आपटायचे आणि ओरडायचे, "भैया, दस मिनट बंद करो! गर्दन का मामला है!" आणि ते लोक खरंच बंद करायचे. आत शिरल्यावर पहिली गोष्ट दिसायची ती छताच्या दोऱ्यांना लटकलेले मोबाइल. मांडीवर मोबाइल घेऊन मान खाली घालणं गाळ्यात मना होतं. ज्याला मोबाइल बघायचा त्याने तो आपल्या डोळ्यांच्या उंचीवर क्लिपला टांगायचा आणि उभ्याने बघायचा. त्यामुळे रविवारी सकाळी आमचे सगळ्यांचे आईबाबा भिंतीकडे तोंड करून रांगेत उभे, हाताने स्क्रीन सरकवतायत आणि मोबाइल झोके घेतायत, असं दृश्य असायचं. नवीन माणूस दारातूनच परत जायचा.

‘वाकडं’ हा शब्द काकांनी गाळ्याबाहेर काढला होता. पाठ वाकडी असं कोणी म्हटलं की ते कानावर हात ठेवायचे. त्यांच्या भाषेत माझ्या पाठीला "उजवीकडची हौस" होती. जिगरच्या पाठीला "डावीकडचा ओढा" होता. आमच्या चौघांतल्या एका मुलीच्या कण्याला वर एक आणि खाली एक असे दोन बाक होते. तिला ते म्हणाले, "तुझ्या पाठीला सगळीकडे जायचंय, बाय. हौशी आहे." ती पोरगी त्याआधी महिनाभर कोणाशी बोलत नव्हती. त्या दिवशी ती घरी जाताना रिक्षात गाणी म्हणत गेली, असं तिच्या आईने सांगितलं.

माझ्या ब्रेससाठी साचा घेतला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. अंगात घट्ट बनियन, त्यावर ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या, आणि हुकूम असा की सुकेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. आणि हुकूम देणारा हाच माणूस समोर स्टुलावर बसून सांगायला लागला की त्यांच्या गावच्या घरी एक बदक होतं आणि ते फक्त पोस्टमनला घाबरायचं. मी गाल चावून धरले. मग त्यांनी उठून बदक पोस्टमनपासून कसं लपायचं ते करून दाखवलं. त्यांची ती कलती मान, बदकाची चाल, हातात प्लॅस्टरची बादली! मी फुटले. साचा पोटाजवळ फुगला. मला वाटलं, आता ओरडा बसणार. त्यांनी तो फुगवटा बोटाने चाचपला आणि म्हणाले, "राहू दे. हे तुझं हसू आहे. श्वासाला जागा लागतेच." माझ्या ब्रेसला तो फुगवटा शेवटपर्यंत होता. शाळेत मुलं माझ्या पोटावर बुक्की मारून स्वतःचा हात चोळत बसायची, ती नेमकी त्या फुगवट्यावरच मारायची.

पण त्यांचा खरा जीव मानेत होता. ब्रेस पाठीला धरतो, मान मात्र मोकळी असते, आणि तिथेच सगळा घोळ होतो असं ते सांगायचे. "डोळ्यांना समोरचं जग सपाट लागतं, बाय. खाली पाठीने काहीही गोंधळ घालू दे, डोळे सांगतात, आम्हाला सरळ दिसलं पाहिजे. मग बिचारी मान पाठीची सगळी लफडी निस्तरते. पाठ उजवीकडे गेली की मान डावीकडे. आता ब्रेसने पाठ जागेवर आणली, तरी मानेला ते कोण सांगणार? तिची सवय तीच. पाठ सुधारली, मान जुन्याच तक्रारीवर अडून बसली, की वरून पुन्हा सगळं खाली ओढलं जातं." म्हणून दर रविवारी नऊ वाजता आम्हा चौघांचा मानेचा वर्ग भरायचा.

वर्ग म्हणजे एक मोठा उभा आरसा आणि त्यावर चिकटवलेल्या लाल पट्ट्या, उभ्या आणि आडव्या. आडव्या पट्टीवर दोन्ही डोळे, उभ्या पट्टीवर नाक, हनुवटी, छातीची मधली रेघ. असं उभं राहायचं आणि तसंच उभं राहून बोलायचं, पाणी प्यायचं, हसायचं, भांडायचं. त्या पट्ट्या काकांनी स्वतः लावल्या होत्या. जमिनीपासून दोन्ही बाजूंनी टेपने मोजून, एका सुताचाही फरक नाही. हे ते प्रत्येक नव्या पालकाला टेप लावून दाखवायचे. चारपाच महिन्यांत आम्ही चौघं असे तयार झालो होतो की आरशासमोर उभे राहिलो की फोटो काढून भिंतीवर लावावा.

घरी मात्र आई म्हणायची, "ही मला जरा डावीकडे कललेली वाटते." तिने काकांना सांगितलं. काका क्षणभर विचार करून म्हणाले, "घरचा आरसा नीट लावलाय का?" झालं. बाबांनी रविवारी ड्रिल काढलं, बेसिनवरचा आरसा उतरवला आणि मी त्यात सरळ दिसेपर्यंत फिरवून पुन्हा ठोकला. आता मी सरळ दिसायला लागले आणि बाकीचं घर कललं. बाबा त्या आरशात बघून दाढी करायचे, त्यांचा एक कल्ला वर आणि एक खाली असा दीड महिना चालला. ऑफिसात कोणी बोललं नाही, साहेबांची फॅशन असेल म्हणून. पुढे कळलं की जिगरच्या घरीही आरसा फिरवला होता आणि बाकी दोघांच्याही. भाईंदर पूर्वेतली चार घरं एकाच दिशेने कलली होती आणि चारही घरं खुशीत होती.

एप्रिलमध्ये काकांना बाजारात मावशी दिसली. म्हणजे अर्थात तिची मान दिसली. ही मावशी समुद्राकाठच्या चौक गावची कोळीण, साठीच्या पुढची, बसने मासळी घेऊन यायची आणि बाजाराच्या तोंडाशी बसायची. बसस्टॉपपासून पाटी डोक्यावर घेऊन ती अशी चालायची की काका पिशवी विसरून तिच्या मागे चालत सुटले. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी मावशीने पाटी न हलवता सगळं अंग वळवलं आणि विचारलं, "काय रं बाप्या, म्हावरा घ्यायचा न्हाय तं मागं मागं कशाला येतंस?"

काका म्हणाले, "तुमची मान बघायला."

पुढे काय झालं ते काकांनी आम्हाला पूर्ण कधीच सांगितलं नाही. एवढंच कळलं की शेजारची भाजीवाली मध्ये पडली, काकांनी दोघींना गाळ्यापर्यंत नेऊन दारावरची पाटी दाखवली, आमचे एक्स-रे दाखवले, आणि अखेर मावशी येत्या रविवारी नऊला यायला कबूल झाली. अट एकच. काकांकडचा तो निळा मऊ फोम तिला पाहिजे होता. पाटीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ असते ना, ती तिला त्या फोमची करून हवी होती.

ती आली. काकांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. आम्ही चौघं रांगेत. काका एखाद्या मंत्र्याची ओळख करून द्यावी तसे म्हणाले, "ही मान बघा. चाळीस वर्षं वजन वाहिलंय, आणि किती शांत आहे. मावशी, जरा आरशासमोर या." मावशी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन आरशासमोर उभी राहिली. काकांनी लाल पट्टीकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. तिचा उजवा डोळा पट्टीच्या खाली होता, डावा वर.

आणि मग काकांच्या तोंडून तो शब्द गेला. गाळ्यात पहिल्यांदाच. "मावशी, तुमची मान वाकडी आहे."

 मावशी हळूच म्हणाली, "माजी?" मग आवाज चढला. "माजी मान वाकरी? चालीस वर्सां पाटी वाहिली ह्या मानेवर! एक बोंबील खाली न्हाय परला! आनि तुजा आरसा मना शिकवतंय?"

काका घाबरले, पण हटले नाहीत. टेप काढला, पट्टीची दोन्ही टोकं जमिनीपासून मोजून दाखवली. "हे बघा. सारखं. टेप खोटं बोलत नाही." मावशीने टेपकडे ढुंकूनही बघितलं नाही. "थांब. लिंबू हाय माज्या पिशवीन." तिने लिंबू काढून डोक्यावरच्या पाटीत ठेवायला मला सांगितलं. मी स्टुलावर चढून ठेवलं. लिंबू मधोमध बसलं, हललंही नाही. ती चार पावलं चालली, वळली, परत आली. लिंबू जागेवर.

"आता ह्या पोरांच्या डोक्यावर ठेव," ती म्हणाली.

आधी मी. आरशात बघून डोळे पट्टीवर, नाक पट्टीवर, सगळं बिनचूक. काकांनी पाटी ठेवली, वर लिंबू. लिंबू सुळकन डावीकडे गेलं आणि टप्प करून कडेला आपटलं. जिगरचं लिंबू डावीकडे. उरलेल्या दोघांचंही डावीकडे. चार माना, चार वेगवेगळ्या पाठी, आणि लिंबू दर वेळी त्याच बाजूला. जिगरला हसू आवरेना. मावशीने मात्र खाली बघितलं, आमच्या पायांकडे. मग वाकून लिंबू लादीवर ठेवलं आणि हात काढून घेतला.

लिंबू थोडा वेळ विचार करत थांबलं. मग निघालं. हळूहळू, आमच्या पायांमधून, काकांच्या स्टुलाखालून, बरोबर डाव्या कोपऱ्यातल्या मोरीत जाऊन पडलं.

"तुजी लादीच कलती हाय रं," मावशी म्हणाली.

तो गाळा आधी गिलिटवाल्याचा होता. नकली दागिन्यांना मुलामा द्यायचा कारखाना. धुतलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून त्याने लादी मुद्दाम उतारावर बसवली होती. काकांनी त्या लादीपासून मोजून पट्ट्या लावल्या, म्हणून पट्ट्याही तितक्याच उतारावर. टेप खोटं बोललं नव्हतं. आम्ही चौघं पाच महिने मन लावून मोरीकडे कलायला शिकलो होतो.

आम्ही हसत सुटलो. जिगर तर जमिनीवरच बसला, ब्रेसमुळे त्याला वाकता येईना, तसाच ताठ मागे आडवा झाला आणि हसत राहिला. मावशीही हसली. मग माझं लक्ष काकांकडे गेलं आणि माझं हसू गेलं. ते मोरीकडे बघत उभे होते. त्यांच्या हातातला टेप आपोआप सरसर आत गेला. मला एकदम जून आठवला. एक्स-रेला दीड महिना उरला होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या आईबाबांना बोलावलं. सबबी नाहीत, ‘थोडी तांत्रिक अडचण’ नाही. "ब्रेस बरोबर आहेत. पण माना मी चुकीच्या शिकवल्या. पाच महिने. लादी तपासायला हवी होती, मी तपासली नाही. याने पाठीवर परिणाम झालाय की नाही ते मला सांगता येत नाही, एक्स-रेच सांगेल. ज्यांना दुसरीकडे जायचं असेल त्यांनी जा, मी कागद लिहून देतो." दोन घरं गेली. जिगरच्या मम्मी म्हणाल्या, "इतना सच कौन बोलता है भाई? मैं कहाँ जाऊं?" आणि राहिल्या.  माझे बाबा म्हणाले, "जूनमध्ये एक्स-रे येऊ दे. मग मी तुमच्याशी बोलतो." ‘जून’ हा शब्द बाबांनी कित्येक महिन्यांनी उच्चारला होता. आई मला नेऊन दुसरीकडे दाखवू या म्हणत होती. मी म्हटलं, मी इथेच येणार. का ते मला सांगता आलं नाही, पण मी अशी रडले की विषय संपला.

दुसऱ्या दिवशी काकांनी लादी फोडली आणि नवी बसवून घेतली. गवंडी पाण्याची नळी लावून पातळी बघून गेला, तरी यांचा कशावर विश्वास राहिला नाही. गाळ्यात जिथे जागा मिळेल तिथे पातळी बघायला पाणी भरलेल्या वाट्या. टेबलावर वाटी, कपाटावर वाटी, बाहेर पायरीवर वाटी. बँकेच्या काउंटरवर त्यांनी पिशवीतून वाटी काढली तेव्हा वॉचमन उठून आला. आमच्या घरी येऊन त्यांनी स्वतः बेसिनचा आरसा सरळ करून दिला आणि बाबांचे कल्ले एका पातळीत आले.

आता अडचण अशी की आम्हाला सरळ म्हणजे काय तेच कळेनासं झालं होतं. लेव्हलच्या लादीवर काकांनी माझी मान मधोमध आणून ठेवली की मला वाटायचं, मी उजवीकडे पडतेय. मग काकांनी आरशावर चादर टाकली. डोळे मिटायचे, आपल्याला सरळ वाटेल तशी मान धरायची, मग मावशीने सांगायचं. मावशी दर रविवारी मासळी विकायच्या आधी तासभर यायची, डोक्याला नव्या निळ्या फोमची चुंबळ. "थोरी हिकरं. आगो, इतकी न्हाय! बोंबील सांडलं बघ!" आमच्या डोक्यावरून त्या दीड महिन्यात तिचे किती काल्पनिक बोंबील सांडले त्याला गणती नाही. पापलेट सांडलं की ती खरोखर चिडायची, कारण पापलेट महाग. मी डोळे मिटून उभी असायचे, जिगर शेजारी मला हसवायला बघायचा, काका ओरडायचे, "हसा, पण मान ठेवून हसा!" आणि एक दिवस मावशी काहीच बोलली नाही. मी डोळे उघडले. ती पाटी उचलून बाहेर पडत होती. जाता जाता म्हणाली, "आज न्हाय सांडला."

एक्स-रेच्या दिवशी काका आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते हॉस्पिटलच्या बाकावर आमच्या आधी येऊन बसले होते. बाबांनी त्यांना नमस्कारही केला नाही. बाबांनी दीड महिना मनात भाषण तयार केलं होतं, ते मला माहीत होतं. आंघोळ करताना ते पुटपुटायचे, आणि त्यात ‘बेजबाबदार’ हा शब्द मी दोनदा ऐकला होता.

डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर लावला. काका बाहेरच थांबले. डॉक्टर रेघा आखत होते, कोन मोजत होते, आणि आई माझी बोटं इतकी आवळत होती की ती पांढरी पडली. "छत्तीस," डॉक्टर म्हणाले. "वाढलेलं नाही. उलट दोनने कमी. आणि डोकं बघा, बरोबर कमरेच्या मध्यावर आलंय. ऑपरेशनचा विषय आता नको. ब्रेस चालू ठेवा." आई रडायला लागली. मी हसायला लागले आणि मला ते थांबवताच येईना. नर्सने दार उघडून बघितलं, इतकी हसले.

आम्ही बाहेर आलो. काका उभे राहिले. मी "छत्तीस!" म्हणून ओरडले, आणि ते पुन्हा खाली बसले. तोंडावर दोन्ही हात ठेवले. बाबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता भाषण. आपलं काम झालं तरी बाबा भाषण वाया जाऊ देणार नाहीत, अशी मला धास्तीच वाटत होती. पण बाबा उभे होते आणि काका बसलेले, त्यामुळे बाबांना पहिल्यांदाच त्यांची मान वरून नीट दिसत असणार.

"तुमच्या लहानपणी हे कोणाच्या लक्षात आलं नाही?" बाबांनी विचारलं.

"आलं की," काका म्हणाले. "सगळ्यांच्या आलं. घरी, शाळेत, देवळात. जो दिसेल तो म्हणायचा, मान सरळ कर रे. शर्ट वर करून पाठ मात्र कोणी बघितली नाही."

"मग?"

"मग काय, करायचो हो मी." ते हसले. "दर वेळी करायचो. माझ्याकडून कधी कसूर झाली नाही."

 बाबा काकांच्या शेजारी बाकावर बसले आणि त्यांनी त्यांच्या त्या वर चढलेल्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. नोव्हेंबरपासून मी त्याला शिव्याच दिल्या होत्या. त्या दिवशी मी ते छातीशी धरून उभी राहिले. काका माझ्याएवढे असताना त्यांच्या पाठीचा असा एक फोटो कोणी काढला असता, तर.